दुधाचा मंगळवार

मंगळवारी दुधाचा टेम्पो येतो.
खोक्यावर हसरी गाय.
कुठलीच गाय अशी हसत नाही,
आमच्या गौळाऊ तर नाहीच.

मी कारंजाकडची, नंदागवळ्यांची.
बाप पहाटे कासेखाली बसायचा
आणि पहिली धार सरळ माझ्या तोंडात सोडायचा.
"दुधानं कोनाचं वाईट झालं?"
हे वाक्य मी माहेराहून आणलं, पितळी चरवीसोबत,
आणि एटापल्लीकडच्या आश्रमशाळेत
रांगेतल्या पोरांवर वापरलं
सात वर्षं.

जुरू पुंगाटी, तिसरी.
ओठ शिवल्यासारखा उभा.
"पी."
प्यायला.
गणिताच्या तासाला त्याच्या पोटातून
लाकडी पुलावरून बंडी गेली.
पोरं हसली. तो पळाला.
मी वहीत लिहिलं : दुधाचा कंटाळा करतो.

पुढच्या मंगळवारी येनाच्या बुंध्याशी
पांढरं डबकं, त्यात मुंग्या.
बाजाराच्या दिवशी त्याला त्याच्या आजोबांपुढे उभं केलं.
म्हातारा रागावला नाही.
"आमी गाय पिळत नाही, बाई.
दूध वासराचं."
आणि मिरच्यांचा भाव विचारायला वळला.

फिरत्या दवाखान्याची डॉक्टरीण, वयाने माझ्या लेकीएवढी,
फळ्यावर खडूने आतडं काढून म्हणाली,
दूध तोडायची कात्री प्रत्येक तान्ह्याला मिळते.
अंगावरचं सुटलं की बहुतेकांची बोथट होते,
जगभर, मॅडम, बहुतेकांची.
ज्यांचे पूर्वज गुरांमागे पिढ्यान् पिढ्या हिंडले
त्यांच्यात कुठेतरी एक अक्षर बदललं,
आणि कात्रीची धार राहिली.

एक अक्षर.
मी लाल पेनाने अक्षरंच तपासत आले.
पहिला मला आधीच दीर्घ लिहिला होता
आणि कुणी खोडला नाही.
जुरूचं पान मूळ प्रतीबरहुकूम.

आता त्याला आंबील मिळते.
रजिस्टरमध्ये तसा रकाना नाही,
म्हणून बेचाळीसची सही करते
आणि बेचाळिसावं दूध मीच पिते,
रांगेच्या शेवटी, सगळ्यांसमोर.
जुरू गिलासाकडे बघतो, मग माझ्या पोटाकडे.
"बाई, दुखत नाही?"
नाही रे.

त्याचा विश्वास बसत नाही.
पाण्याचा डबा भरून आणतो
आणि घंटा होईपर्यंत
जवळच उभा राहतो.