पाच नंबरचं बटण

जळगावच्या गोलाणी मार्केटात, जिन्याखालच्या गाळ्यात
एकावर एक रचलेले जुने डबे:
बँकांचे, शाळांचे, बुडालेल्या पतपेढ्यांचे.
मी त्यातला सगळ्यात बुटका निवडला.
अडीच हजार सांगितले, एकोणीसशेला तुटलं.
अमळनेरपर्यंत पॅसेंजरमध्ये तो मांडीवर.
शेजारची बाई म्हणाली, मिक्सर शे का माय?

घरी उघडला तर आत रुई.
पंख्याच्या पात्यांवर, पट्ट्यापट्ट्यांच्या फटींत
जिनिंगचा भुगा दाबून बसलेला.
मागे स्टिकर: वजनकाटा, गेट नं. २.
किती गाड्या कापूस मोजला असेल यानं
आणि तापत राहिला असेल, कुणाला न सांगता.
अप्पांच्या दाढीच्या ब्रशनं साफ केला.
मूठभर निघाली.
आईनं फेकू दिली नाही. वाती होतील, म्हणाली.

नवी फक्त एसएसडी, अकराशेची.
सिस्टिम फुकटातली, रात्रभर उतरवलेली.
अप्पा खाटेवरून विचारत होते, युनिटं किती खाईल?
बल्बाएवढी.
कुठल्या बल्बाएवढी?

मागच्या गल्लीत सुपडूकाकांचा टीव्ही दिवाळीतच जळाला होता,
रिमोट मात्र शाबूत.
प्लास्टिकच्या पिशवीत, वरून दोन रबरं,
सगळे आकडे जागच्या जागी,
पाच तेवढा घासून कोरा.
पाचवर काय लागायचं, मी विचारलं.
काकू म्हणाल्या, आता काय माहीत,
त्यांनाच विचारायला हवं होतं.

तीन पायांचा सेन्सर, हरभऱ्याएवढा, चाळीस रुपयांचा.
कथिलाचे तीन डाग दिले,
फ्लॉपीच्या रिकाम्या फटीत बसवला.
दोन तास काहीच होईना.
मग कळलं, दोन पाय उलटे जोडलेत.

त्यानंतर एकेक बटण दाबायचं,
पडद्यावर उमटेल त्या आकड्याला सांगायचं
आजपासून तू कोण.
तू वर. तू खाली. तू मागे. तू आवाज.
शेवटी पाच उरला.
अंधारातही बोटाला सापडेल,
म्हणून त्याला 'थांब' दिलं.

आई चाळीस वर्षं सिनेमे बघते, मधला भाग सोडून.
लग्न ठरतं तेव्हा दूध उतू जातं,
खून होतो तेव्हा नळ येतो,
कोर्टात साक्ष सुरू झाली की अप्पांना चहा.
ती परत येते तेव्हा सगळे रडत असतात.
काय व्हयनं, ती विचारते.
नंतर सांगतो, म्हणतो आम्ही,
आणि कुणी सांगत नाही.

त्या रात्रीही बरोबर नळ आला.
सवयीनं उठलेल्या तिच्या हातात मी रिमोट दिला.
हे दाब आणि जा.

पडद्यावर एक माणूस जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर,
एक पाय उचललेला, हात कठड्याच्या जरा अलीकडे.
बाहेर टाकी भरली, दोन पिंपं भरली,
शेजारच्या कुसुमकाकूंना पाइप जोडून दिला,
उद्याची मटकी भिजत घातली गेली.
मी मोबाइल बघत होते, अप्पा घोरत होते,
तो तसाच.

पदराला हात पुसत आली ती दारातच थबकली.
हाऊ मन्हासाठे थांबना?
पाऊण तास झाला, मी म्हटलं.
पाय दुखना व्हई त्याना, म्हणाली,
आणि घाईनं पाच दाबलं.
तो जिना चढून गेला, काहीच न झाल्यासारखा.

मग थोड्या वेळानं पुन्हा चित्र थांबलं.
नळ गेला होता, कुकर नव्हता, दारही वाजलं नव्हतं.
आवाज बंद झाल्यानं अप्पा जागे झाले.
बिघडना का?
काही नही, आई म्हणाली,
त्यासना भितवरलं कॅलेंडर वाची ऱ्हायनू.