दोन बोटं पाणी

भरमाण्णा सुळगेकर, वय चौसष्ट,
हिडकलच्या कालव्यावर एकतीस वर्षं गेटमन.
मानेमागून मेंदूत चढणारी त्याची धमनी
एका जागी सुतळीएवढी उरलेली.

संकेश्वरच्या बाजारात मिरच्या निवडताना
जीभ जड झाली, तो पहिला झटका.
त्यानंतर कुणी घाई केली नाही.
मुरगोड डॉक्टर म्हणाले, आत ओलं आहे अजून, थांबू.
तोवर गोळ्या दोन, एकही चुकायची नाही.
गोळी रक्ताला लागू पडते का, तेही तपासून घेतलं.
गंगव्वा रोज भिंतीवर चुन्याचं बोट ओढायची.
मी तिला बैलहोंगलच्या शिंप्याचं सांगितलं नाही,
ज्यानं दात काढायचा म्हणून चार दिवस गोळी सोडली
आणि आता डाव्या हातानं सुई धरतो.
धरत नाही खरं तर.

टेबलावर तार, केसाएवढी.
तिचं टोक पडद्यावरून निसटू द्यायचं नाही.
हे माझं काम नव्हे, तरी श्वास धरून मी तेच बघते.
फुगा धमनीहून किंचित लहान घेतला,
दुधावर साय धरावी तितक्या वेळानं फुगवला,
मग जाळी.
कडेला ज्या बारीक फांद्या, त्या पडद्यावर दिसतही नाहीत,
गिळणं, बोलणं त्यांच्यावर चालतं.
भरमाण्णा त्यांना पोटचाऱ्या म्हणाला असता.

रात्री आयसीयूत रक्तदाब एकशेवीसच्या आत बांधलेला.
मुलगा विचारतो, वाट मोकळी झाली ना सिस्टर,
मग दाब दाबून का ठेवलाय?
मी शब्द जुळवतेय, तोवर खाटेवरून घोगरा आवाज:
"कोरड्या कालव्याला पहिल्या दिवशी
दोन बोटंच पाणी सोडायचं, तम्मा.
सायेब नवा होता. पुरं गेट उचल म्हणाला.
म्या उचललं."
बराच वेळ नुसता मॉनिटर.
"अकराव्या मैलाला भराव फुटला.
ऊस न्हवं. बसव्वाचं घर."
मुलानं हे कधी ऐकलं नव्हतं.

दर तासाला उठवायचं.
हात वर करा, दात दाखवा, नाव सांगा.
तीनला तो कानडीत चिडला.
चारला दोन्ही हात छातीपुढे धरून
जड चाक फिरवावं तसे फिरवले,
डावा उजव्याइतकाच.
बॅटरी मारली. बाहुल्या सारख्या.
एकशेअठरा, लिहिलं.
सावकाश, म्हटलं मी.
"निधान," त्यानं दुरुस्त केलं.

पाचला पुन्हा.