हॅलकर्कच्या हॉलमध्ये नकाशा

टेबलावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप.
वारा इथं, मी म्हणालो, आणि मागणी खाली लंडनला.
मध्ये पाचशे मैल तारा,
त्या आत्ताच तुडुंब.

डोनल्डिनाबाईंनी चष्मा पुसला.
"काल रात्रभर घोंघावत होतं,
तरी पाती गपगार. ती म्हणून?"
म्हणून.
थांबण्याचेही पैसे मिळतात, हे मी बोललो नाही.
त्यांना ते ठाऊक होतं.
त्यांच्या घरी अजून तेलाचा बंब.

सौर पॅनेलं दाखवायला केंटकडे हात लांबवला,
बाही वरच्या कपाला लागली.
चहा निघाला उत्तरेकडून, ऐटीत,
पर्थपर्यंत आला
आणि नकाशाच्या घडीत
साचून राहिला.

"हं," बाई म्हणाल्या,
आणि फडकं शोधायला उठल्या.