रेघेची जाडी

निफाडच्या खाली, कालव्याच्या शेवटच्या चारीवर
खड्डा क्रमांक एकोणतीस.
दीड मीटर खोल, मावळतीच्या भिंतीवर
सकाळचं ऊन पडेल असा खणलेला.
लहानू गभालेनं कुदळ ठेवून
खुरप्यानं ती भिंत साफ केली,
न्हाव्यानं मान कोरावी तशी.

मग थर दिसू लागतात.
वर वीतभर भुसभुशीत,
कांद्याच्या पातीचा वास अजून धरून असलेली.
खाली काळी. ढेकळांच्या पाठी
एकमेकींवर घासून चकाकणाऱ्या.
उन्हाळ्यात फाटते, पावसात मिटते,
किती काळ स्वतःशीच कुस्ती खेळतेय कुणास ठाऊक.
तिच्याखाली चुनखडी, साबुदाण्याएवढी.
पातळ आम्लाचे दोन थेंब टाकले
की ती बोलते : फस्स.
किती जोरात बोलली, तेही लिहायचं असतं.

ओली गोळी बोटांत दाबून मी फीत काढते.
सात सेंटिमीटरला तुटली.
रंगांच्या पुस्तकाशी ढेकूळ धरते :
अतिगडद करडा.
लहानू म्हणतो, रेडकाच्या कानामागचा.
पुस्तकात तो नाही.
लहानू इगतपुरीकडचा, तांबड्या मातीतला,
जिथं पाऊस सगळं धुऊन नेतो
आणि वरई तेवढी मागं ठेवतो.
एवढी काळी त्यानं पहिल्यांदा पाहिली
तेव्हा चपला काढून हातात घेतल्या होत्या.
भक्तीनं नाही. रुतल्या होत्या म्हणून.

द्रुपदाबाई धात्रक बांधावर येऊन उभ्या राहतात.
पोराला द्राक्षं लावायचीत,
नर्सरीत रोपं सांगून ठेवलीत.
‘काय निघालं?’
दवाखान्याच्या दारात विचारतात तसं विचारतात.
मी सांगते, खालच्या अंगाला चोपण चढतंय.
पाणी तळातून वर येतं,
येताना मीठ घेऊन येतं.
‘ते कळतंय की,’ त्या म्हणतात.
‘मी लग्न होऊन आले तेव्हा
ह्या तुकड्याला गोडी म्हणायचे.
आता नुसतं खालचं म्हणतात.’

संध्याकाळी नाशिकच्या कचेरीत
टेबलावर नकाशा पसरला.
दुसरा वर्ग पिवळा, चौथा निळा,
मध्ये रेघ.
प्रमाण एकास दहा हजार.
पेन्सिलीचं टोक अर्धा मिलिमीटर,
म्हणजे रानात पाच मीटर.
पाच मीटरांत द्रुपदाबाईंची विहीर बसते,
शेवगा, मेथीचे दोन वाफे,
आणि दुपारी लहानू जिच्यात आडवा झाला होता
ती सावली.
ह्यांचा वर्ग कोणता?

माती रेघेवर बदलत नाही.
ती बदलते गवळ्याच्या दुधासारखी,
पाणी कुठून सुरू झालं ते कळू न देता.
पण रेघेशिवाय नकाशावर शिक्का बसत नाही.
‘टोक करून घ्या,’ साहेब म्हणाले.
केलं.
तीन मीटर झाले.
विहीर अर्धी पिवळी राहिली, अर्धी निळी.

शिफारशीत लिहिलं :
खोल चर काढावेत, दोन हंगाम धैंचा गाडावा,
द्राक्षं वरच्या अंगालाच.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
त्यात बारीक अक्षरात :
‘पूर्वीचे नाव गोडी.’
टंकलेखनात ते गळालं.
मी पुन्हा हातानं घातलं.

दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवायला गेलो.
लहानूचा दंडक असा, की
खालची खाली, वरची वर,
झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालताना
डोक्याकडची बाजू चुकवायची नाही.
तरी माती उरली.
‘उरली म्हणजे जागा चांगली,’
द्रुपदाबाई पोराला म्हणाल्या.
मला ठाऊक होतं, उकरलेली माती फुगते,
एका पावसात बसेल.
बोलले नाही.
पोरगा विचारत होता, रेघ नेमकी कुठून जाते,
आणि मी चपलेच्या टोकानं दाखवू पाहत होते,
पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी वेगळीकडे.

तेवढ्यात त्यांनी मूठभर धणे
चपलेखाली रगडले
आणि एकोणतिसाव्या खड्ड्याच्या उंचवट्यावर
पेरून टाकले,
आम्ही तिसाव्याकडे निघण्याआधीच.