एकास बारा

चाळीस वर्षं मी दात केले.
लोकांच्या तोंडात जाऊन हसणारे,
मक्याची कणसं सोलणारे,
एका म्हातारबाबांचे तर लग्नात शिट्टी मारणारे.
आता उरलेल्या गुलाबी ॲक्रिलिकचे
शिंपले करतो.
हिरडीचा रंग शिंपल्याला इतका शोभतो
हे निवृत्त होईपर्यंत कळलं नव्हतं.

बाहेर उणे एकतीस.
मूस जॉमधल्या आमच्या गल्लीत
गाड्या विजेच्या वायरींना बांधून ठेवल्यात,
दावणीच्या गुरांसारख्या.
समुद्र इथून दोन दिवसांच्या रस्त्यावर,
तोही डोंगर मोकळे असतील तर.
आणि डारिया म्हणते, वाळू चुकली.

"ओरेस्त, हा रवा आहे."
रवाच होता. मी तो कॉफीरंगावर भाजला होता,
दोनदा चाळला होता.
मग खरी वाळू आणू का, विचारलं.
"खरी तर मुळीच नको.
बाहुलीच्या तळव्याखाली
खऱ्या वाळूचा कण म्हणजे खडा."
एका फुटाला एक इंच, हा तिचा कायदा.
त्याच्यापुढे अपील नाही.

तळघरात गेलो, जुना डबा उघडला.
प्यूमिसची भुकटी, ज्वालामुखीच्या दगडाची,
जिने मी गावभराचं हसू चकाकवलं.
चिमूटभर खोलीच्या उंबऱ्यात टाकली.
डारियाने चष्मा कपाळावर सरकवला
आणि बोटाने त्यात
चार इवली पावलं उमटवली,
आत येणारी.

छपराखालची ही शेवटची खोली.
आरामखुर्ची कॉफी ढवळायच्या काड्यांची;
कापड माझ्या पायजम्याचं होतं,
पण पट्टे रुंद निघाले,
तेव्हा रुमालावर पेनाने नवे ओढले.
बादली म्हणजे टूथपेस्टचं टोपण,
कडी दात सरळ करायच्या तारेची.
दारामागे टांगलेला टॉवेल ओला दिसायला हवा होता.
पाण्याने भिजवला, तर थेंब
टॉवेलभर मोठा.
पाणी कुणाचंच प्रमाण मानत नाही.
शेवटी व्हार्निश लावलं.

खिडकीतला समुद्र तिने रंगवला.
निळा.
मी म्हटलं, निळा कधी होता?
टोफिनोला चार दिवस
आकाश भांडी विसळल्याच्या पाण्यासारखं होतं.
गाडी कुठे लावायची यावरून
आपण लाटांपेक्षा मोठ्याने बोललो,
लेसियाने मागच्या सीटवर
आइस्क्रीम संपवलं आणि
काच खाली करून समुद्राला सांगितलं,
हे दोघे असेच आहेत.
"तुला काहीही आठवतं," डारिया म्हणाली,
आणि निळ्यात अजून निळा घातला.

मग दोन दिवस ती माझ्याशी
फक्त गोंदाबद्दल बोलली.

शुक्रवारी सकाळी
खोलीतल्या टेबलावर, बादलीशेजारी,
नखाच्या कातरणीएवढा कागद दिसला.
प्रयोगशाळेतलं भिंग डोळ्याला लावलं.
बेकायदा पार्किंग. पंधरा डॉलर.
गाडीचा नंबर बरोबर.
खाली चालकाचं नाव, ते माझं.
शिक्काही मारला होता, किंचित तिरका,
खऱ्यावर होता तसाच.

स्वयंपाकघरात ती कणीक लाटत होती.
पाठ माझ्याकडे. खांदे
जरा जास्तच शांत.

मी काही बोललो नाही.
खाली जाऊन तारेच्या आठ काड्या वाकवल्या,
चहाच्या पिशवीचा कागद काळा रंगवला,
आणि वाऱ्याने उलटी झालेली एक छत्री केली.
रविवारपर्यंत लागलो.
ती दाराबाहेर टेकवून ठेवली आहे,
निळ्या समुद्राकडे पाठ करून.

ती छत्री कुणी उघडली होती,
वारा दिसत असताना,
यावर आमचं
अजून एकमत नाही.