एकशे सतरा

मस्कतच्या त्या सभागृहात एसी इतका
की माझ्याच बर्फपेटीत शिरल्यासारखं झालं.
सातवी रांग, कडेची खुर्ची,
अंगात मेहुण्याचा कोट, बाह्या दोन बोटं लांब.
मंचावर डॉक्टर रहमा,
आजपासून दोनदा डॉक्टर.
वर्षातला सर्वोत्तम प्रबंध, निवेदक म्हणाला,
आणि विषय वाचताना दोनदा अडखळला.
मला विचारायचं, सोपं करून सांगितलं असतं:
उन्हात राबणाऱ्या माणसाच्या किडन्या
आतल्या आत कशा वाळतात.

तीन उन्हाळे मी तिची गाडी चालवली.
सोहारच्या बंदरामागचा कॅम्प, पहाटे चार.
पाळी लागायच्या आधी एक बाटली,
पाळी सुटली की दुसरी.
पहिल्या दिवशी सगळे हसले.
मोफिजुल म्हणाला, सोनं निघतं काय यातून?
गुल झमान म्हणाला, फुकट नेताय, लिटरचा भाव तरी सांगा.
बाई लाजली नाही.
भावच काढायला आलेय, म्हणाली.
मी ते हिंदीत सांगितलं.
मग कुणी हसलं नाही.

सकाळच्या बाटल्या पिवळ्या.
संध्याकाळच्या,
आमच्याकडे आमसुलं भिजत घातली
की पाण्याला येतो, तो रंग.
त्या उन्हाळ्यात मी सार प्यायचं सोडलं.

पडद्यावर आता आलेख.
एक रेघ चढते, एक उतरते.
परीक्षक म्हणतात, चारशे सहा माणसं, तीन वर्षं,
आणि गळती फक्त अकरा!
अशी शिस्त क्वचित बघायला मिळते.
टाळ्या.
मीही वाजवल्या, दोन,
मग हात तिथेच राहिले.

अकरा.
तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात:
पाठपुराव्यात सापडले नाहीत.
चौघे कंपनी बदलून दुक्मला गेले.
दोघांचा व्हिसा संपला.
एक लग्नाला म्हणून गेला तो सासऱ्याच्या दुकानातच बसला, बरं झालं.
तिघांचं मलाही ठाऊक नाही.

आणि एकशे सतरा.
पोचय्या, जगित्यालचा, सळ्या बांधणारा.
बाटलीवरची चिठ्ठी स्वतः लावायचा,
नखाने दाबून,
माझा नंबर वाकडा नको, म्हणायचा.
दुसऱ्या उन्हाळ्यात पाय सुजले.
कंपनीने तिकीट काढून दिलं, एकेरी.
आता आठवड्यातून दोनदा करीमनगर,
चार तास मशीनला, मग एसटीने घरी.
दर ईदला फोन करतो,
मुबारक म्हणतो आणि विचारतो,
बाईंचं पुस्तक झालं का?

सापडत नाही असं नाही.
फक्त त्याची बाटली येत नाही.

जेवणाच्या गर्दीत ती मला शोधत आली,
काचेचं मानचिन्ह बगलेत
पावाच्या पुडक्यासारखं दाबलेलं.
पान नऊ उघडून दाखवलं. आभार:
तिचे सर, तिची आई, आणि बशीर हजवानी,
माझ्या आडनावातलं एक अक्षर गाळून.
मी विचारलं, पोचय्या?
ती म्हणाली, नावं छापता येत नाहीत, बशीरभाई,
त्यांच्याच भल्यासाठी नियम आहे.
नियम बरोबरच आहे.
तिने पुढ्यातलं ताट मात्र तसंच ठेवलं.

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.
मागे मशीनची घरघर, कुणीतरी तेलुगूत नर्सला हाक मारत होतं.
झालं का पुस्तक?
झालं. बक्षीसही मिळालं.
किती पानं?
दोनशे बारा.
माझं पान कुठलं?

गाडी चालवणाऱ्याला उत्तर पटकन सुचावं लागतं.
एकशे सतरा, म्हटलं.
सरळ छापलंय ना?
सरळ.

रात्री सोहारकडे परतताना
पेट्रोल पंपावर दिव्याखाली ते पान उघडलं.
बंदराचा नकाशा होता.
आपली गाडी उभी राहायची तिथे
एक ठिपका.