अजून एक कढ

राजारामपुरीत नवव्या गल्लीत आमची लॅब.
सकाळचे सव्वासात. खुर्चीत माझे वडील,
तातोबा चौगले, वय एकाहत्तर.
फॉर्म मीच भरला,
'सोबत आलेल्या व्यक्तीचे नाते' इथं पेन अडलं,
सोबतही मी, सुईही माझ्याच हातात.

दंडाला पट्टा आवळला. शीर लगेच वर आली.
हात अजून तसाच: चाळीस हंगाम
उकळत्या काईलीत फावडं ओढलेला,
कोपरापाशी चटक्याचा पांढरा डाग.
"मूठ मिटा, आण्णा."
मिटली. "ह्यात काय बघायचं असतंय?"
तिसऱ्यांदा विचारलं.
तिसऱ्यांदा सांगितलं, "काय न्हाई, रक्त बघतो जरा."
(आमच्याकडं बायकाही 'बघतो'च म्हणतात,
पुण्याहून आलेल्या मॅडम अजून हसतात.)

जांभळ्या टोपणाची नळी. यंत्रात फिरली, थांबली.
लाल सगळं तळाला, वर पिवळं नितळ पाणी,
भेंडीचा चीक पडल्यावर रस होतो तसं.
बर्फात घालून पुण्याला पाठवलं.

डॉक्टर हुक्केरी कागदावर चित्र काढत होत्या.
मेंदूत पेशींच्या मधेमधे एक चिकट थर साचतो.
मग पेशीच्या आतले बांध सुटतात, एकमेकांत गुंततात,
त्यातलाच एक बारीक तुकडा रक्तात उतरतो.
टाऊ, दोनशे सतरा.
थेंबभर रक्तात आता तो मोजता येतो.

मी मान हलवत होते, आणि डोक्यात भलतंच.
साचलेली मळी तर आण्णाच काढायचे,
रात्रभर, झाऱ्यानं, न कंटाळता,
कुणी हाक मारली तरी वर न बघता.
आणि गुंता म्हणाल तर
वाऱ्यानं लोळलेल्या उसात मी शिरलेय लहानपणी.
सऱ्या दिसत नाहीत. आलो कुठून ते कळत नाही.
रान आपलंच असतं.

"हे सुरू होऊन पंधरा-वीस वर्षं झालेली असतात,
घरच्यांना कळतं तेव्हा," त्या म्हणाल्या.

वीस वर्षं. मी बोटांवर मागं गेले.
शियेच्या गुऱ्हाळात पुराचं पाणी शिरलं
त्याच्या आसपास.
म्हणजे मार्केट यार्डात, सौद्याला,
डोळे मिटून, नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून
हा कुणाच्या गुऱ्हाळाचा गूळ ते सांगायचे,
पैज लावायचे लोक, आणि हरायचे,
तेव्हाच.
जीभ ओळखत होती
आणि आत कुठंतरी पहिला थर धरत होता.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला.
एका आकड्याखाली 'नाही', दुसऱ्याच्या वर 'आहे'.
आमचा आकडा दोन्हींच्या मधे.
मी दुसऱ्यांचे असे रिपोर्ट
रोज पाकिटात घालून देते,
पाकीट चिकटवताना कधी थांबले नव्हते.
"मधला पट्टा," डॉक्टर म्हणाल्या.
सहा महिन्यांनी पुन्हा, नाहीतर स्कॅन,
नाहीतर पाठीतलं पाणी.

संध्याकाळी कट्ट्यावर बसले होते.
मी शेजारी बसून सांगितलं, सगळं, आकड्यासकट.
ऐकलं. मग एकदम विचारलं,
"पाण्यात सोडून बघितलंस?"
"काय?"
"थेंब. पाण्यात सोडायचा, बोटानं गोळा करायचा,
आन् तांब्यावर हाणायचा. वाजली का गोळी?"
"न्हाई आण्णा. वाजली न्हाई."
"मग अजून एक कढ दे. घाई केलीस तर
रवा बसत न्हाई, पाघळतोय."

दिवे लागले. समोरून दुधाची गाडी गेली.
ते माझ्याकडं बघत राहिले, बराच वेळ,
जिभेवर तुकडा ठेवल्यासारखं तोंड करून.
"तू कुणाच्या गुऱ्हाळाची गं?"

"शियेची. तातोबा चौगल्यांच्या."

"मग काळजी नको," म्हणाले.
"चोख असतोय त्याचा माल."